एकशे पाच पायल्या

माणसाने क्षमा करावी असं पुष्कळ जण सांगतात. सांगणाऱ्याच्या पोटावर कोणी पाय दिलेला नसतो. मी एका माणसाचं उट्टं काढलं, पुरतं काढलं, आणि आज हाडं खिळखिळी झाली तरी त्याची आठवण निघाली की मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू? तो आमच्या शाळेचा हेडमास्तर होता.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. माझं सासर धुळ्याला, देवपुरात. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा विषमज्वराने गेला आणि मी दिराच्या घरी अकरा माणसांच्या भाकरी थापायला राहिले. भावाने खटपट करून मला ट्रेनिंगला घातलं, मी पास झाले आणि भडगावपासून दोन कोसांवर, गिरणेच्या काठच्या एका गावात मला शाळा मिळाली. पण नोकरी कच्ची होती. तपासणीला येणाऱ्या दिपोटी साहेबांनी चांगला शेरा दिला तर कायम होणार, नाहीतर पुन्हा देवपूरची चूल. निघताना जाऊ म्हणाली होती, जा, परात घासून ठेवते, आलीस की लगेच कामाला लाग. ते मी विसरले नव्हते.

शाळा तीन खोल्यांची. हेडमास्तर त्याच गावचा, घरची चांगली शेती, भाऊ शेती बघायचे आणि हा शाळा. त्याची शिकवायची रीत एकच: पाढे. पावकी, निमकी, दिडकी, औटकी, सगळं घोकून घ्यायचं आणि चुकलं की छडी. त्याचा मेहुणा नुकताच ट्रेनिंग होऊन घरी बसला होता आणि त्याला माझ्या जागी आणायचं हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला कळायला मात्र वेळ लागला. मी त्याला गुरुजी गुरुजी करत होते आणि तो मला 'बाई, काही अडलं तर सांगा' म्हणत होता. केसाने गळा कापणारी माणसं अशीच गोड बोलतात.

माझ्याकडे पाचवी होती, चाळीस पोरं, त्यांत अकरा मुली. मला गणित आवडायचं आणि ते आवडतं हे लपवायची अक्कल मला नव्हती. मी पोरांना औटकी म्हणायला लावायचे आणि मधेच थांबवून विचारायचे, यात काय दिसतं? साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस. पहिल्यांदा कोणाला काही दिसेना. मग एकाला दिसलं की एक सोडून एक सातचा पाढाच बसलाय. त्या दिवशी वर्गात जो गोंधळ झाला तो ऐकून हेडमास्तर भिंतीवर छडी आपटत आला. मी चिंचोके मांडून चौकोन करायला शिकवले: एक, चार, नऊ, सोळा. दर वेळी किती वाढले ते मोजा म्हटलं. तीन, पाच, सात. पुढच्या चौकोनाला किती लागतील ते न मांडता सांगायचं. नऊच्या पाढ्यात एका बाजूचा आकडा चढत जातो आणि दुसरा उतरत जातो हे तर त्यांनी स्वतःच शोधून काढलं. घरी जाऊन आयांना दाखवलं.

माहीत नसलेल्या आकड्यासाठी पुस्तकात अक्षर असायचं, पण ते सातवीत. मी पाचवीतच एक चौकट काढायचे आणि तिला डबी म्हणायचे. आमच्या खानदेशात गुलाबाईच्या दिवसांत पोरी डबीत खाऊ घालून वाजवतात आणि आत काय ते ओळखायला लावतात, त्यामुळे डबी म्हटल्यावर कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. डबीत काही का असेना, तिची दुप्पट म्हणजे दोन डब्या, त्यात तीन घाला. हे त्यांना खेळासारखं वाटे. या खेळात सगळ्यांत पुढे होती खुद्द हेडमास्तरांची मुलगी. दहा-अकरा वर्षांची, बारकी, बोलायला कमी. दुसरी पोरं आकडे मांडत बसायची तोवर ती नियम सांगून मोकळी व्हायची. शंभरावा आकडा कोणता असं विचारलं की ती फळ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायची आणि बरोबर सांगायची.

मार्गशीर्षात दिपोटी साहेब आले. वाचन झालं, शुद्धलेखन झालं, मग ते गणिताकडे वळले. शहरी माणूस, पण खेड्यातल्या पोरांना खेड्यातलंच विचारावं अशा विचारांचा. त्यांनी विचारलं, खळ्यावर बाजरीची रास पडलीय. मोजणाऱ्याने प्रत्येक पोत्याला वीसपर्यंत मोजून पायल्या ओतल्या. अशी पाच पोती भरली, तर पाच पोत्यांत मिळून किती पायल्या?

मला हसूच आलं, इतकं सोपं. हेडमास्तरांच्या मुलीने हात वर केला आणि एकशे पाच म्हणाली. साहेबांनी दुसऱ्याला विचारलं, एकशे पाच. तिसऱ्याला, एकशे पाच. मग त्यांनी सगळ्या वर्गाला विचारलं आणि चाळीस पोरं एका सुरात एकशे पाच म्हणाली. साहेब हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. त्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. तो माझ्या शेजारीच उभा होता, हातभर अंतरावर.

"बाईंची पद्धत नवी आहे, साहेब," तो म्हणाला. "पाढ्यांपेक्षा चिंचोके जास्त."

शेरेबुकात साहेबांनी लिहिलं की पाचवीचं गणित अत्यंत कच्चं आहे. शिक्षिकेला कायम करण्याबद्दल फाल्गुनात पुन्हा पाहून ठरवू. म्हणजे मला तीन महिने मिळाले. ते गेल्यावर मी दार लावलं आणि चाळीसही पोरांना दोन दोन छड्या मारल्या. तोवर कधी मारलं नव्हतं. वीस पाचे किती म्हणून विचारलं तर शंभर म्हणत होती आणि मग एकशे पाच का म्हणालात म्हटलं की खाली बघत होती. ती मुलगी काहीतरी सांगायला गेली तर मी तिला गप्प केलं. तिने हात मागे घेतला नाही, दोन्ही छड्या खाल्ल्या आणि जागेवर जाऊन बसली.

महिनाभर मला झोप धड नव्हती. सारखी परात डोळ्यांसमोर यायची. संक्रांतीच्या सुमाराला एकदा पोरं चिंचोके मोजून वाट्या भरत होती, प्रत्येक वाटीत दहा. मी त्या मुलीच्या मागे उभी होते. तिने पहिला चिंचोका टाकला आणि पुटपुटली, 'लाभ'. दुसरा टाकला आणि म्हणाली, एक. मग दोन, तीन, दहापर्यंत. वाटीत अकरा पडले. मी शेजारच्याचं पाहिलं, त्याचेही अकरा.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं. मोजताना एक न म्हणता लाभ म्हणतात हे मलाही ठाऊक होतं, धुळ्याच्या बाजारातही म्हणतात. पण तिथे लाभानंतर दोन येतात. या गावात लाभानंतर एक यायचा.

"लाभ देवना ऱ्हास, बाई," ती म्हणाली. "तो मोजामा धरतस नई. पन पोतामा पडस."

पहिली पायली देवाची, ती मोजण्यात धरत नाहीत, पण पोत्यात पडते. म्हणजे वीसपर्यंत मोजलेल्या पोत्यात एकवीस पायल्या. पाच पोत्यांत एकशे पाच. पोरांनी साहेबांचा प्रश्न ऐकला, डोळ्यांपुढे आपलं खळं आणलं आणि बरोबर उत्तर दिलं. चाळीसपैकी एकही चुकला नव्हता. चुकले होते साहेब आणि चुकले होते मी, आणि मार पोरांनी खाल्ला. मला तिच्याकडे बघवेना. तरी मी विचारलं, तुमच्या घरी कोण मोजतं?

"आबा सोता मोजतस," ती म्हणाली. आबा म्हणजे तिचा बाप, आमचा हेडमास्तर.

तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तपासणीच्या पंधरा दिवस आधी ज्याने आपल्या हाताने लाभ, एक, दोन करून बाजरी मोजली, तो माणूस माझ्या शेजारी उभा राहून मूग गिळून बसला. एक वाक्य बोलायचं होतं त्याने. साहेब, आमच्याकडे अशी रीत आहे. बस. पोटची पोर मूर्ख ठरली, तिच्या हातावर वळ उठले, तरी त्याने तोंड उघडलं नाही. मेहुण्याची सोय व्हावी म्हणून. मी त्या दिवशी घरी जाऊन भाकरी केली नाही. नुसती बसून राहिले आणि मनाशी म्हटलं, थांब बच्चमजी.

त्याला मी काहीच कळू दिलं नाही. पोरांची मात्र क्षमा मागितली, चाळीस पोरांपुढे हात जोडून. त्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही, काही हसलीसुद्धा. मग मी लाभालाच फळ्यावर घेतलं. एका ओळीत वीस, चाळीस, साठ, ऐंशी, शंभर. खालच्या ओळीत एकवीस, बेचाळीस, त्रेसष्ट, चौऱ्याऐंशी, एकशे पाच. दोन्हींतलं अंतर काढा. एक, दोन, तीन, चार, पाच. का वाढतं? दर पोत्याला एक लाभ म्हणून. आता पोती किती ते मला ठाऊक नाही, डबीत आहेत, तर पायल्या किती? दोन दिवस घोळ चालला. एकाने लिहिलं, वीस गुणिले डबी, अधिक डबी. दुसरा म्हणाला, नाही, एकवीस गुणिले डबी. दोघं भांडायला उठले. तेव्हा ती मुलगी जागेवरूनच म्हणाली की भांडता कशाला, दोन्ही एकच आहे, वीस डब्यांत एक डबी घातली की एकवीस डब्या. ट्रेनिंगमध्ये मला हे कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. मी तिची पाठ थोपटली आणि त्याच वेळी मनात दुसराच हिशेब करत होते, हेही कबूल करते.

फाल्गुनात साहेबांच्या येण्याची तारीख कळली. नदीकाठच्या काळ्या रानात त्या दिवसांत दादर निघते, रब्बीची ज्वारी. मी त्या मुलीला सहज म्हणून विचारलं, तुमची रास कधी मोजणार? तिने भाबडेपणाने सांगितलं की साहेब येतील त्याच दिवशी दुपारी, कारण आबांना साहेबांना नव्या दादरचा वानवळा द्यायचाय. मी रास कशी मोजतात तेही सगळं विचारून घेतलं. थोरल्या मुलाच्या हाताला बरकत म्हणून हेडमास्तरच मोजणार. अनवाणी, पूर्वेकडे तोंड करून, मोजताना आकड्यावाचून शब्द बोलायचा नाही. आणि त्याची आई समोर बसणार. पोरीने सारं सांगितलं. बाई आपल्या घरची चौकशी करतात याचा तिला आनंद झाला होता.

साहेब आले. पोरांनी वाचलं, लिहिलं, गणितं धडाधड सोडवली. साहेबांचा चेहरा उजळत चालला. मग त्यांना मागची आठवण झाली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो म्हणाले. मी तिथल्या तिथे दोन वाक्यांत रीत समजावून सांगितली असती तर माझी नोकरी तिथेच पक्की झाली असती. मला ते ठाऊक होतं. पण मला नुसती नोकरी नको होती. मी म्हटलं, साहेब, हा प्रश्न वर्गात नको, खळ्यावर विचारा. आज गुरुजींच्याच घरची रास आहे, चार पावलांवर. साहेबांना तर असलंच हवं असायचं, ते टोपी घालून उठलेच. हेडमास्तरांचा चेहरा मी नीट पाहून घेतला. तो म्हणाला, ऊन फार आहे, साहेब. साहेब म्हणाले, चला हो.

खळ्यावर त्याचे भाऊ होते, त्याची आई पाटावर बसलेली, गावातली दहा-वीस माणसं. रास पुजलेली होती. साहेबांनी चप्पल काढली, पोरं गोल करून उभी राहिली. हेडमास्तरने पायली भरली आणि पोत्यात ओतताना म्हणाला, 'एक'.

त्याच्या भावाने हातातलं पोतं सोडलं. म्हातारी काठी टेकून अर्धवट उठली.

"आरे, लाभ म्हन ना," ती म्हणाली. "सगळी रास बुडाडस का?"

आता त्याची गत बघण्यासारखी झाली. लाभ म्हणावं तर साहेब समोर, न म्हणावं तर आई समोर आणि सारा गाव समोर. कपाळावर घाम आला होता, तो त्याला पुसताही येईना. पोतं रिकामं करून त्याने पुन्हा पायली भरली आणि अगदी हळू म्हणाला, लाभ. मग एक. मग दोन. असा तो वीसपर्यंत आला आणि मी त्यातला एक एक आकडा मिटक्या मारत ऐकला. साहेबांनी पोरांना विचारलं, पोत्यात किती पायल्या? पोरं म्हणाली, एकवीस. पाच पोत्यांत? एकशे पाच.

साहेब हेडमास्तरांकडे वळले. मग म्हणाले, "गुरुजी, मागच्या वेळी तुम्ही वर्गात उभे होतात. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?"

त्याला काय बोलता येणार होतं? ठाऊक नव्हतं म्हणावं तर आईच्या देखत तीस वर्षं तोच मोजत आलेला. त्याने मान खाली घालून पोत्याचं तोंड आवळलं. इथे थांबले असते तर सगळं साधलं होतं. पण पोटात जे तीन महिने साठलं होतं ते इतक्याने भागेना. मी म्हटलं, साहेब, मुलं याचा नियमही लिहून दाखवतील. आणि चाळीस पोरांतून मी तिलाच उठवलं. ती पुढे आली, एक काडी घेतली आणि खळ्याच्या सारवलेल्या जमिनीवर लिहिलं, डब्या काढून, बरोबरचं चिन्ह घालून. हसत होती. साहेब खूश झाले, कोणाची मुलगी म्हणून त्यांनी विचारलं.

"हेडमास्तरांचीच," मी म्हटलं. "लाभाचं मला हिनेच सांगितलं."

बापाने तिच्याकडे पाहिलं. आजीने पाहिलं, काकांनी पाहिलं. भावाने दुसरं पोतं उघडून धरलं, रास मोजायची राहिली होती. ती काडी हातात धरून तशीच उभी राहिली आणि तिचं हसू कधी गेलं ते मी पाहिलं नाही, कारण मी तिच्या बापाकडे बघत होते.

चैत्रात मला कायम झाल्याचं पत्र आलं. हेडमास्तरची बदली सातपुड्याच्या पायथ्याच्या एकशिक्षकी शाळेत झाली. माणसं घरी ठेवून तो एकटाच गेला. त्याची ट्रंक बैलगाडीत चढत होती तेव्हा मी शाळेच्या दारात मुद्दाम उभी होते, त्याने बघावं म्हणून. त्याने बघितलं. त्या दिवशी मी एकटीसाठी शिरा केला, वर साजूक तूप घेतलं. त्याच्याबद्दल मला तेव्हा काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. करावं तसं भरावं.

उन्हाळ्याची सुट्टी संपली. पोरं सहावीत गेली, मला सहावी मिळाली. हजेरी घेताना ती दिसली नाही. आठ दिवस वाट पाहून मी तिच्या घरी गेले. आजीने मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. घरचा लाभ चव्हाट्यावर मांडणारी पोर शाळेत धाडायची नाही, इतकं शिक्षण पुरे, असं तिने सांगितलं आणि दार लोटून घेतलं. मी आणखी दोनदा गेले. दोन्ही वेळा दार उघडलं नाही.

दिवाळीनंतर कापूस वेचणीचे दिवस होते. मी नदीकडून येत होते आणि ती बांधावर बसलेली दिसली, कमरेला कापसाची ओटी बांधलेली, बोटं बोंडांनी ओरखडलेली. उन्हाने काळवंडली होती. मला बघून उठून उभी राहिली, वर्गात राहायची तशी. मी म्हटलं, मी तुझ्या आजीचे पाय धरते, तू ये शाळेत. तिने मान हलवली. मग सहावीत आता कुठले आकडे चाललेत ते विचारलं. मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, जरा वेळ रानाकडे पाहिलं, आणि पुढचा आकडा बरोबर सांगितला. मी काही बोलायच्या आत म्हणाली,

"बाई, खळावर तुम्ही माले उठाडं, तव्हय माले वाटनं, माले येस म्हनीसन उठाडं."

तिला येत होतं. माझ्या अख्ख्या नोकरीत तिच्याइतकं कोणाला आलं नाही. पण मी तिला त्यासाठी उठवलं नव्हतं, आणि ते तिचं तिनेच शोधून काढलं होतं. तिने ओटी सावरली आणि ती पुन्हा कापसात शिरली.